ध्वनिफितीआधीची अकरा वर्षं

लॉस एंजेलिसमधल्या एका इमारतीत एक कृष्णवर्णीय बाई भाड्यानं राहत होती. पक्षाघातानं शरीराची एक बाजू अधू झालेली, डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. तिच्या घरात पाणी भरलं, सामान भिजून वाया गेलं. इमारत नव्या मालकानं विकत घेतली होती, तेव्हा तिनं त्याच्याकडे नुकसानभरपाई मागितली. त्या मालकाच्या इमारतींची देखरेख करणाऱ्या बाईनं पुढे जी साक्ष दिली, तिच्यानुसार मालकानं भरपाई तर नाकारलीच, वर या भाडेकरणीला घराबाहेर काढा असं बजावलं. इमारतीत घाण वास येतो तो इथं राहणाऱ्या काळ्या लोकांमुळे, असंही तो म्हणाल्याचं तिनं सांगितलं. 2003 साली खटला उभा राहिला. आजारी बाई त्याच वर्षी वारली.

मालकाचं नाव डोनाल्ड स्टर्लिंग. लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचाही तोच मालक. 1981 साली त्यानं हा संघ 1 कोटी 25 लाख डॉलर्सना घेतला होता. भाडेकरूंचा आणि घरहक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा तो खटला 2005 मध्ये तडजोडीनं मिटला. तडजोडीची रक्कम गुप्त राहिली, पण वादींच्या वकिलांच्या फीपोटीच न्यायालयानं स्टर्लिंगवर जवळजवळ 50 लाख डॉलर्स बसवले. 2006 मध्ये तर अमेरिकेच्या न्याय खात्यानंच त्याच्यावर दावा ठोकला: वंश पाहून भाडेकरू निवडतो, कोरियाटाउनमधल्या इमारतींत कोरियन लोक हवेत म्हणून इतरांना घर नाकारतो, बेव्हर्ली हिल्समध्ये कृष्णवर्णीयांना जागा देत नाही, मुलंबाळं असलेल्या कुटुंबांना टाळतो. स्टर्लिंगनं आरोप फेटाळले. नोव्हेंबर 2009 मध्ये कोणताही दोष मान्य न करता त्यानं 27 लाख 25 हजार डॉलर्स भरायचं कबूल केलं. भाड्याच्या घरांतल्या भेदभावाबद्दल न्याय खात्यानं तोवर मिळवलेली ही सर्वांत मोठी रक्कम होती.

यातलं काही लपून राहिलेलं नव्हतं. बातम्या छापून आल्या होत्या, खटल्याचे कागद सार्वजनिक होते. तरी एनबीए या बास्केटबॉल लीगनं त्याच्यावर काही कारवाई केली नाही. इतर संघमालक त्याच्याबरोबर बैठकांना बसत राहिले. खेळाडू त्याच्या संघात येत राहिले, करार करत राहिले, मोसम खेळत राहिले.

मग 25 एप्रिल 2014 रोजी एक ध्वनिफीत बाहेर आली. स्टर्लिंगनं आपल्या मैत्रिणीशी खासगीत केलेलं बोलणं त्यात होतं. तिनं मॅजिक जॉन्सन या कृष्णवर्णीय माजी खेळाडूबरोबरचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, याचा त्याला राग आला होता. काळ्या लोकांबरोबर जाहीरपणे दिसू नकोस, त्यांना माझ्या सामन्यांना आणू नकोस, असं तो तिला सांगत होता. आणि सगळं जग जागं झालं. चार दिवसांत त्याच्यावर तहहयात बंदी आली, साडेतीन महिन्यांत संघ त्याच्या हातून गेला.

संघमालकांचा वंशवाद आणि खेळाडूंची बोलण्याची जबाबदारी हा विषय निघाला की चर्चा या चार दिवसांची होते. ध्वनिफितीनंतर दोन दिवसांनी असलेला सामना क्लिपर्सच्या खेळाडूंनी खेळायला हवा होता की नाही, त्यांचा निषेध पुरेसा होता की लेचापेचा, यावर तेव्हाही भरपूर लिहिलं गेलं. मला मात्र त्याआधीची अकरा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. अपमान कानावर पडला तेव्हा सगळे बोलले. अन्याय होत होता, माणसं घरांपासून वंचित होत होती, तेव्हा जवळपास कुणी बोललं नाही. वंशवाद म्हणजे तोंडातून निघालेला वाईट शब्द, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. शब्द पकडणं सोपं असतं, तो पुन्हा पुन्हा ऐकवता येतो, त्यावर संतापता येतं. भाड्याचा अर्ज फेटाळला जातो तेव्हा आवाज होत नाही. माजी खेळाडू करीम अब्दुल-जब्बारनं ध्वनिफितीच्या आठवड्यातच ‘टाइम’मध्ये लिहिताना यावरच नेमकं बोट ठेवलं होतं: घरांच्या खटल्याच्या वेळी हा संताप कुठे होता? तो स्वतः पूर्वी क्लिपर्सकडे सहायक प्रशिक्षक होता. पत्रकार बोमानी जोन्सनं तर 2006 मध्येच या घरांच्या प्रकरणावर लिहिलं होतं. त्या लिखाणानं तेव्हा लीगवर काही परिणाम झाला नाही.

खेळाडूवर जबाबदारी येते कुठून, हा खरा प्रश्न आहे. नेहमीचं उत्तर असं की तो प्रसिद्ध आहे, मुलं त्याच्याकडे पाहून शिकतात, म्हणून त्यानं बोलावं. हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. प्रसिद्धी हे काही नैतिकतेचं प्रमाणपत्र नव्हे, आणि उत्तम उडी मारता येणाऱ्या माणसाला समाजाबद्दल जास्त कळतं असंही नाही. प्रसिद्ध असणं हाच निकष धरला तर सिनेनटापासून गायकापर्यंत सगळ्यांनी सगळ्यावर बोलायला हवं, आणि असं सरसकट बोलणं निरर्थक होतं.

जबाबदारी दुसरीकडून येते. स्टर्लिंगसारख्या घरमालकाला शहरात प्रतिष्ठा मिळाली ती इमारतींमुळे नव्हे, संघामुळे. इमारतींचे मालक लॉस एंजेलिसमध्ये शेकड्यांनी असतील, एनबीएचे संघमालक दोनच. संघ होता म्हणून समारंभात मानाची खुर्ची होती, वर्तमानपत्रांत फोटो होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी शतकभर झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेची लॉस एंजेलिस शाखा मे 2014 मध्ये त्याला जीवनगौरव पुरस्कार देणार होती! ध्वनिफीत बाहेर आल्यावर तो रद्द झाला. ही प्रतिष्ठा कुणाच्या घामावर उभी होती? एनबीएत तेव्हा दर चार खेळाडूंमधले सुमारे तीन कृष्णवर्णीय होते. ज्यांच्या समाजातल्या माणसांना तो घर देत नव्हता, त्यांच्याच खेळामुळे त्याला समाजात मान मिळत होता. खेळाडूची जबाबदारी इथं सुरू होते. आपल्या श्रमातून मालकाला पैसा मिळतो तेवढ्यापुरता प्रश्न नाही, पैसा सगळ्याच नोकऱ्यांत मालकाला मिळतो. खेळाडूच्या श्रमातून मालकाला नावलौकिक मिळतो, आणि त्या नावाआड बाकीचं झाकलं जातं. आपलं नाव, आपला चेहरा असा वापरला जात असेल तर त्याबद्दल प्रश्न विचारण्याचा खेळाडूला अधिकार आहे आणि ते त्याचं कर्तव्यही आहे.

हे मान्य केलं तरी लगेच दुसरं लक्षात घ्यावं लागतं: एकट्यानं बोलण्याची किंमत. क्रेग हॉजेस हा शिकागो बुल्सचा तीन गुणांच्या फेकींमधला वाकबगार खेळाडू. 1991 चं विजेतेपद मिळाल्यावर संघ व्हाइट हाउसला गेला, तेव्हा हा आफ्रिकी पद्धतीचा दशिकी घालून गेला आणि गरीब व कृष्णवर्णीय वस्त्यांकडे लक्ष द्या असं सांगणारं पत्र त्यानं राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासाठी दिलं. पुढच्या वर्षी बुल्सनं त्याला सोडलं, आणि इतक्या चांगल्या नेमबाजाला एनबीएत पुन्हा एकाही संघानं घेतलं नाही. त्यानं लीगवर खटला भरला, तो फेटाळला गेला. 2016 मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या कॉलिन केपर्निकचं अमेरिकन फुटबॉलमध्ये काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. त्या मोसमानंतर त्याला एकाही संघानं करार दिला नाही. अशी उदाहरणं समोर असताना पंचविशीतल्या पोरानं मालकाविरुद्ध तोंड उघडावं असं खुर्चीत बसून म्हणणं सोपं आहे. त्याची कारकीर्द सरासरी चार-पाच वर्षांची, घरात कमावणारा बहुधा तोच पहिला.

एल्जिन बेलरचं आयुष्य या बाबतीत फार काही सांगून जातं. जानेवारी 1959. बेलर चोवीस वर्षांचा, मिनिआपोलिस लेकर्समधला त्याचा पहिलाच मोसम. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटन गावी सामना होता. ठरलेल्या हॉटेलनं संघातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना खोल्या नाकारल्या. संघ दुसरीकडे उतरला, पण जेवायला गेले तिथंही तोच अनुभव आला. त्या संध्याकाळी बेलरनं खेळाचा पोशाख घातलाच नाही. गावचाच असलेला एक सहकारी त्याला विनवायला गेला, बेलरनं त्याला शांतपणे समजावलं आणि तो सामनाभर बाकावर बसून राहिला. स्थानिक आयोजकांनी त्याला शिक्षा करा म्हणून आरडाओरड केली, शिक्षा झाली नाही.

पाच वर्षांनी, जानेवारी 1964 मध्ये, बॉस्टनला ऑल-स्टार सामना होता. टीव्हीवर थेट प्रक्षेपण ठरलेलं. खेळाडूंना निवृत्तिवेतन हवं होतं आणि मालक वर्षानुवर्षं टोलवत होते. त्यांच्यातल्याच टॉमी हाइन्सनच्या पुढाकारानं सगळे खेळाडू ड्रेसिंग रूमचं दार लावून आत बसले. लेखी नको तर निदान शब्द द्या, त्याशिवाय बाहेर येत नाही. लेकर्सचा मालक बॉब शॉर्ट यानं दारावरच्या माणसाकरवी आत निरोप धाडला की बेलर आणि जेरी वेस्ट मैदानात उतरले नाहीत तर त्यांचं काही खरं नाही. हा निरोप ऐकून खेळाडू बिथरले नाहीत, उलट एकत्र झाले. निरोप घेऊन आलेल्याला बेलरनं जे उत्तर दिलं ते छापण्याजोगं नव्हतं असं म्हणतात. सामन्याला उशीर होऊ लागला, प्रक्षेपणाची वेळ टळू लागली, आणि लीगच्या अध्यक्षांनी शब्द दिला. त्यानंतरच चेंडू हवेत उडाला.

हाच बेलर 1986 पासून 2008 पर्यंत, बावीस वर्षं, डोनाल्ड स्टर्लिंगच्या क्लिपर्सचा जनरल मॅनेजर होता. भाडेकरूंचा खटला झाला तेव्हा तो त्याच कार्यालयात होता. न्याय खात्याचा दावा आला तेव्हाही होता. या काळात तो जाहीरपणे काही बोलल्याचं दिसत नाही. 2009 मध्ये, नोकरीवरून दूर झाल्यावर, त्यानं स्टर्लिंगवर खटला भरला. वयामुळे आणि वंशामुळे मला डावललं गेलं, गोऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली दक्षिणेतले गरीब काळे पोरगे खेळावेत असा गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्याचा दृष्टिकोन या माणसाचा होता, अशी त्याची तक्रार होती. वंशभेदाचा मुद्दा पुढे त्याच्या वकिलांनी मागे घेतला, आणि 2011 मध्ये ज्यूरीनं उरलेल्या मुद्द्यांवरही त्याच्याविरुद्ध निकाल दिला. आणखी तीन वर्षांनी ध्वनिफीत आली.

चार्ल्सटनला बाकावर बसून राहिलेला आणि बॉस्टनला दार लावून बसलेला माणूस बावीस वर्षं गप्प कसा राहिला? त्याचं धैर्य आटलं असं म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. 1959 मध्ये लोक तिकीट काढत होते ते बेलरला पाहायला. त्याच्या जागी दुसरा कुणी उभा करता येत नव्हता. 1964 मध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना एकोणीस खेळाडू होते, आणि बाहेर कॅमेरे लागलेले. क्लिपर्सच्या कचेरीत उतारवयातला बेलर एकटा होता, त्याची जागा दुसऱ्या दिवशी भरता आली असती, आणि त्याच्या पाठीशी उभी राहील अशी कुठलीही संघटना नव्हती. माणूस तोच, त्याच्याभोवतालची ताकद बदलली. बोलण्याची जबाबदारी मोजताना या ताकदीचा हिशेब सोडला तर आपण दुबळ्याकडे बोट दाखवत बसतो आणि बलवान निसटून जातात.

एप्रिल 2014 च्या त्या चार दिवसांकडे या नजरेनं पाहावं. ध्वनिफीत शुक्रवारी आली. रविवारी ओकलंडमध्ये क्लिपर्सचा गोल्डन स्टेट वॉरियर्सशी प्लेऑफचा चौथा सामना. खेळाडू आत येऊन मैदानाच्या मधल्या वर्तुळापाशी थांबले. संघाचं नाव असलेली सरावाची जाकिटं त्यांनी काढून तिथंच जमिनीवर टाकली. आत लाल शर्ट होते, ते उलटे घातलेले, म्हणजे क्लिपर्स ही अक्षरं आतल्या बाजूला. कुणी भाषण केलं नाही, त्याच शर्टांत सराव केला, मग सामना खेळले आणि 97 विरुद्ध 118 असे सपाटून हरले.

पुष्कळांना हा निषेध तोकडा वाटला. माझं मत वेगळं आहे. सामना खेळण्याआधी दोनच दिवस मिळाले होते, प्रतिस्पर्धी समोर, मोसमभराची मेहनत पणाला लागलेली. अशा वेळी सगळ्यांनी मिळून एक गोष्ट करणं हे एकानं मोठी गोष्ट करण्यापेक्षा जास्त मोलाचं होतं. कारण खरी हालचाल पडद्याआड चालली होती. क्लिपर्सचा ख्रिस पॉल हाच तेव्हा खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. संघटनेनं सॅक्रमेंटोचे महापौर आणि माजी खेळाडू केव्हिन जॉन्सन यांना बोलणी करायला पुढे केलं. लीगमधला नामांकित खेळाडू लेब्रॉन जेम्स यानं उघड सांगितलं की या लीगमध्ये स्टर्लिंगला जागा नाही. मंगळवारी पुढचे सामने होते. लीगच्या प्रमुखांचा, म्हणजे कमिशनरांचा, निर्णय समाधानकारक नसेल तर त्या रात्री खेळायचं नाही अशी तयारी एकापेक्षा अधिक संघांत झाली होती. वॉरियर्सचा बेत असा होता की मैदानात यायचं, पहिला चेंडू उडू द्यायचा आणि सगळ्यांनी चालू पडायचं. प्रायोजकही एकामागून एक हात काढून घेत होते.

त्या मंगळवारी, 29 एप्रिलला, कमिशनर अॅडम सिल्व्हर यांनी तहहयात बंदी आणि 25 लाख डॉलर्सचा दंड जाहीर केला. लीगच्या घटनेत याहून मोठ्या दंडाची तरतूदच नव्हती. सिल्व्हर यांना पदावर येऊन तीन महिनेही झाले नव्हते आणि त्यांनी दाखवलेल्या ठामपणाचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण कमिशनर हा मालकांनी नेमलेला माणूस असतो. मालकाला हटवायचं तर तीन चतुर्थांश मालकांचं मत लागतं. डॅलसचे मालक मार्क क्यूबन यांनी सुरुवातीला स्टर्लिंगच्या बोलण्याचा निषेध करतानाच, खासगी बोलण्यावरून एखाद्याची मालमत्ता काढून घेणं ही घसरणीची वाट आहे अशी धास्ती बोलून दाखवली होती. ती भीती खोटी नव्हती. एकाचे कागद उघडले तर उद्या आपलेही उघडतील, हे प्रत्येक मालकाला समजत होतं, आणि अकरा वर्षं घरांच्या खटल्याकडे डोळेझाक का झाली याचं उत्तर मला इथं दिसतं. ती डोळेझाक मोडली कारण टीव्हीवरचे सामने बंद पडण्याची वेळ आली. बॉस्टनमध्ये बेलरच्या वेळीही हेच घडलं होतं.

हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी. ऑगस्ट 2014 मध्ये संघ मायक्रोसॉफ्टचे माजी प्रमुख स्टीव्ह बामर यांनी 2 अब्ज डॉलर्सना घेतला. पैसा गेला स्टर्लिंग कुटुंबाकडे. दंड त्या किमतीच्या हजार रुपयांत सव्वा रुपया इतका होतो. 2022 मध्ये फिनिक्स सन्सचे मालक रॉबर्ट सार्व्हर यांच्याबाबत तेच पुन्हा घडलं. कर्मचाऱ्यांशी, विशेषतः स्त्रियांशी, अपमानास्पद वागणं आणि वंशवाचक शिवी वारंवार उच्चारणं चौकशीत आढळलं. लीगनं एक वर्षाची बंदी आणि 1 कोटी डॉलर्सचा दंड ठोठावला, आणि वंशद्वेष सिद्ध होत नाही असंही म्हटलं. ख्रिस पॉल तेव्हा नेमका त्याच संघात होता. तो आणि लेब्रॉन जेम्स दोघांनी शिक्षा अपुरी असल्याचं जाहीरपणे म्हटलं, जर्सीवर नाव असलेल्या पेपॅलनं सार्व्हर राहणार असतील तर करार वाढवणार नाही असं कळवलं, आणि आठ दिवसांत सार्व्हर यांनी संघ विकायचं ठरवलं. सुमारे 40 कोटी डॉलर्सना घेतलेला संघ 4 अब्जांच्या मोलानं गेला. मालकाला जायला लावता येतं, पण जाताना तो दसपटीनं श्रीमंत होऊन जातो. खेळाडूंच्या दबावाची ही मर्यादा आहे आणि ती लपवून उपयोग नाही.

मराठी वाचकाला या सगळ्यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. पुण्या-मुंबईच्या क्रिकेटमध्ये पळवणकर बंधूंनी हेच केलं होतं, आणि तेही जवळजवळ शंभर वर्षं आधी. बाळू पळवणकर, चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज. त्याच्या बळावर हिंदू संघ सामने जिंकत होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं 114 बळी घेतले. मैदानात त्याच्याकडून चेंडू घेणारे हात चहाच्या वेळी त्याच्यापासून दूर राहत, त्याला चहा पॅव्हिलियनबाहेर आणि वेगळ्या कपात मिळे. कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. 1920 च्या चौरंगी (धर्मवार संघांच्या) सामन्यांत बाळूला वगळलं गेलं आणि धाकट्या विठ्ठलचा हक्क असूनही कर्णधारपद दुसऱ्याकडे दिलं गेलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायला नकार दिला आणि जातीमुळे आम्हांला डावललं जात आहे असं जाहीर पत्रक काढून सांगितलं. ताकदीचे खेळाडू असे बाहेर बसल्यावर निवड समितीला नमतं घ्यावं लागलं. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू संघ जिंकला.

त्या भावांना टीव्ही नव्हता, प्रायोजक नव्हते, संघटना नव्हती. होतं ते एकमेकांचं पाठबळ आणि आपल्याशिवाय संघ जिंकत नाही याची खात्री. त्यांनी लढवलेला प्रश्न स्वतःच्या हक्काचा होता, आणि ते त्या काळी फार मोठं पाऊल होतं. त्याच्याही पुढचं पाऊल म्हणजे आपल्याला थेट झळ लागलेली नसताना दुसऱ्यांसाठी उभं राहणं. स्टर्लिंग प्रकरणात तेच घडलं नाही. मॅजिक जॉन्सनचा अपमान झाला तेव्हा प्रत्येक खेळाडूला तो स्वतःचा वाटला. त्या अधू भाडेकरणीचा अपमान कुणाला स्वतःचा वाटला नाही, कारण तिची आणि करोडो डॉलर्स कमावणाऱ्या तरुणांची भेट होण्याची जागाच उरलेली नव्हती.

ते पाऊल 2020 साली स्त्रियांनी टाकलं. अटलांटा ड्रीम हा डब्ल्यूएनबीएतला, म्हणजे स्त्रियांच्या बास्केटबॉल लीगमधला संघ. त्याच्या मालकांपैकी एक होत्या केली लॉफलर, जॉर्जियाच्या रिपब्लिकन सिनेटर. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर लीगनं आपला मोसम कृष्णवर्णीयांच्या जिवालाही मोल आहे या मागणीला वाहायचं ठरवलं, तेव्हा लॉफलर यांनी कमिशनरना पत्र लिहून ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर या चळवळीला विरोध केला. खेळाडूंनी आधी त्यांना हटवा म्हणून आवाज उठवला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या रागाचा लॉफलर यांना प्रचारात फायदाच होतो आहे. तिथून त्यांनी वाट बदलली, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी लॉफलर यांचं नाव घेणं सोडून दिलं. त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवाराची, रेव्हरंड राफाएल वॉर्नॉक यांची, माहिती काढली, त्यांच्याशी बोलल्या, त्यांची धोरणं पारखली. ऑगस्टच्या सुरुवातीला ड्रीमच्या खेळाडू वॉर्नॉक यांना मत द्या असं लिहिलेले काळे टी-शर्ट घालून सामन्याला आल्या, आणि पाठोपाठ इतर संघांतल्याही. वॉर्नॉक तेव्हा शर्यतीत बरेच मागे होते. 5 जानेवारी 2021 च्या फेरनिवडणुकीत ते जिंकले. फेब्रुवारीत संघ विकला गेला, आणि नव्या मालकांमध्ये रेने माँटगोमेरी होती, सामाजिक कामासाठी आदला मोसम सोडून दिलेली त्याच संघातली खेळाडू.

या स्त्रियांचा पगार पुरुष खेळाडूंच्या पगारापुढे किरकोळ असतो. मालक सिनेटर. नोकरी जाण्याची भीती त्यांना जास्त असायला हवी होती. पण त्यांची संघटना मजबूत होती, मोसम एकाच ठिकाणी, फ्लोरिडात बंदिस्त वातावरणात चालला होता, त्यामुळे साऱ्या संघांतल्या खेळाडू रोज एकमेकींना भेटत होत्या. बोलायला धीर एकटीला येत नाही, तो अशा भेटींतून येतो.

आणि मालकानं स्वतः बोलायचं ठरवलं तर? 2018 च्या मार्चमध्ये सॅक्रमेंटोत पोलिसांनी स्टेफॉन क्लार्क या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला आजीच्या परसात गोळ्या घातल्या. निदर्शकांनी सॅक्रमेंटो किंग्जच्या स्टेडियमची दारं अडवली, हजारो प्रेक्षक बाहेर राहिले आणि सामना जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. संघाचे मालक विवेक रणदिवे हे मूळ मुंबईचे, तिथंच लहानाचे मोठे झालेले. सामना संपल्यावर ते खेळाडूंना सोबत घेऊन मैदानात उभे राहिले आणि शांततेनं निदर्शनं करण्याच्या हक्काला आमचा पाठिंबा आहे, असं यापुढे घडू नये म्हणून आम्ही काम करू, असं त्यांनी सांगितलं. त्या रात्री तिकिटांचं नुकसान सोसलेल्या मालकाच्या तोंडून हे आलं. त्यांच्यासारखे मालक अधिक असते तर खेळाडूंवर एवढं ओझं पडलं नसतं.

पण सद्भावना असलेला मालक मिळणं हा नशिबाचा भाग झाला, आणि नशिबावर कुणाचं घर किंवा कुणाची नोकरी सोडता येत नाही. म्हणून खेळाडूंच्या संघटनांनी आता ध्वनिफितीची वाट पाहणं थांबवावं, असं माझं म्हणणं आहे. एनबीएच्या खेळाडूच्या करारात वर्तनाची कलमं असतात. मैदानाबाहेर तो कसा वागतो यावरून त्याला दंड होतो, निलंबन होतं. लीग आणि खेळाडूंची संघटना दर काही वर्षांनी सामूहिक करारासाठी समोरासमोर बसतात, पगाराच्या टक्क्यांवरून महिनोन् महिने घासाघीस करतात. मालकाचे इतर धंदे, त्याच्यावरचे भेदभावाचे दावे, त्यानं भरलेल्या तडजोडीच्या रकमा संघटनेसमोर मांडल्याच पाहिजेत, आणि असा दावा आला की स्वतंत्र चौकशी झालीच पाहिजे, असं कलम त्या करारात मागता येतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये संघ विकत घेणाऱ्याला पात्रतेची परीक्षा द्यावी लागते, आणि 2023 मध्ये मानवी हक्कांचं उल्लंघन व द्वेषमूलक गुन्हे त्यात अपात्रतेची कारणं म्हणून घातले गेले. ती परीक्षा कितपत कडक आहे यावर वाद आहे, पण मालकही तपासणीला पात्र असतो हे तत्त्व तिथं लिहिलं तरी गेलं. अमेरिकेत हे कलम आलं तर एखाद्या भाडेकरणीचा अर्ज कोर्टात दाखल होईल त्याच आठवड्यात त्याची प्रत खेळाडूंच्या संघटनेच्या टेबलावर असेल, आणि तो वाचायचा की बाजूला ठेवायचा हे तिथं बसलेल्या खेळाडूंना सहीनिशी ठरवावं लागेल.